एका डोळ्याचा सेनापती

कार्यालयाच्या कामानिमित्त आमचे धार आणि देवास या दोन्ही गावी जाणे होते. जुन्या मंडळींत बसले की पवारांच्या गोष्टी निघतात आणि त्यांच्यामागून यशवंतराव होळकरांचे नाव येतेच. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी त्यांचेच चरित्र थोडक्यात सांगतो.

यशवंतराव हे तुकोजीराव होळकरांचे पुत्र, जन्म १७७६ चा. १७९७ साली पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या फौजेने त्यांचे बंधू मल्हारराव यांना ठार केले. यशवंतराव निसटून नागपूरला गेले, तर भोसल्यांनी कैदेत टाकले. तिथूनही ते पळाले. माळव्यात या फरारी तरुणाला आसरा दिला तो धारच्या आनंदराव पवारांनी. धारमध्ये उठलेले बंड मोडण्यात यशवंतरावांनी त्यांना हात दिला. पण शिंद्यांचा दाब आला आणि आनंदरावांना पाहुण्याला निरोप द्यावा लागला. थोडा पैसा, काही घोडी आणि मूठभर माणसे घेऊन ते बाहेर पडले. थोड्याच काळात महेश्वर त्यांच्या हाती आले.

पुढे निशाणेबाजी करताना बंदूक फुटली आणि त्यांचा एक डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला लोक अपशकुनी समजत, पण यशवंतरावांनी ते थट्टेवारी नेले आणि पुन्हा घोड्यावर मांड ठोकली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेवर त्यांनी स्वतः पुढे होऊन घोडदळ घातले आणि लढाई जिंकली. १८०४ मध्ये इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनला त्यांनी मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पिटाळले.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. होळकर, शिंदे आणि पेंढारी यांच्या धामधुमीत धार आणि देवास दोन्ही संस्थाने नागवली गेली. ज्या धारने आसरा दिला तीही सुटली नाही.

१८०५ च्या डिसेंबरात इंग्रजांशी तह झाला. यशवंतराव भानपुऱ्याला येऊन स्वतः उभे राहून तोफा ओतवू लागले. १८०८ च्या सुमारास त्यांचे मन बिघडले. ज्या सरदारांना त्यांनी लढायला शिकवले त्यांनाच त्यांना बांधून ठेवावे लागले. ऑक्टोबर १८११ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आतच, ते गेले. त्यांची छत्री भानपुऱ्याला आहे.

आज आपल्या सैन्यात जवानाची तपासणी ‘शेप’ या पाच अक्षरांनी होते. त्यात मन, कान, हातपाय, शरीर आणि डोळे येतात. दुखापतीनंतर वैद्यकीय मंडळ नवी श्रेणी ठरवते, आणि पॅराशूट दलासारख्या कष्टाच्या कामाला पाचही बाबतीत पहिलीच श्रेणी लागते. त्या हिशेबाने यशवंतराव डोळ्यावरच नापास झाले असते. नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. एका जवानाच्या उणिवेवर साऱ्या तुकडीचा जीव टांगलेला असतो.

पण आम्हाला राहून राहून वाटते की डोळा गेल्याने यशवंतराव थांबले नाहीत. भावांचे खून, पळापळ आणि सततची युद्धे यांनी मनावर केलेला घाव कोणी तपासला नाही, आणि त्यानेच त्यांना पाडले. आपल्या घरचा मुलगा फौजेतून जखमी होऊन आला, तर त्याच्या पायाच्या पट्टीबरोबर त्याच्या झोपेचीही विचारपूस करावी, एवढे तरी या चरित्रातून आपण घ्यावे.

गणपती बाप्पा मोरया!