ऐकून घेणारा दरवेश

तेराव्या शतकाच्या मध्यावर दिल्लीच्या मदरशांमध्ये एका तरुण विद्यार्थ्याचा चांगलाच दबदबा होता. तो वादाला बसला की समोरच्याची बोलती बंद होई. सोबत्यांनी त्याला दोन टोपणनावे दिली होती. एक ‘बह्हास’, म्हणजे वाद घालणारा, आणि दुसरे ‘महफिलशिकन’, म्हणजे भरली मैफल मोडून टाकणारा. आज जगभरातून लोक ज्यांच्या दर्ग्यावर येतात ते हजरत निजामुद्दीन औलिया ते हेच.

जन्म बदायूंचा. वडील लहानपणीच गेले. आई बीबी जुलेखा यांनी सूत कातून मुलाला वाढवले, शिकवले. घरात शिजवायला काही नसले की आज आपण अल्लाहचे पाहुणे आहोत असे त्या मुलाला सांगत, आणि मुलाला त्या दिवसांची गोडी लागली होती. पुढच्या शिक्षणासाठी मायलेक दिल्लीला आले. शेजारी बाबा फरीद यांचे धाकटे भाऊ शेख नजीबुद्दीन राहत. त्यांच्याकडून बाबांविषयी ऐकून विसाव्या वर्षी हा तरुण अजोधनला, म्हणजे आजच्या पाकपट्टनला पोहोचला.

तिथे एक प्रसंग घडला. बाबा फरीद ‘अवारिफुल मआरिफ’ हा सूफी ग्रंथ शिकवत होते. त्यांच्या हातातली प्रत बारीक अक्षराची आणि सदोष होती, त्यामुळे ते थांबत थांबत वाचत. शेख नजीबुद्दीन यांच्याकडे याची चांगली प्रत आहे, असे निजामुद्दीन पटकन बोलून गेले. माहिती खरी होती, हेतूही वाईट नव्हता. पण सदोष प्रत दुरुस्त करण्याची कुवत या फकिरात नाही काय, असे बाबा दोन-तीनदा म्हणाले. गंमत अशी की, हे आपल्यालाच उद्देशून आहे हे या हुशार विद्यार्थ्याच्या लक्षातच आले नाही; शेजारच्याने सांगावे लागले. मग मात्र पायाखालची जमीन सरकली. माफी मागूनही बाबांची नाराजी जाईना. दुःखाच्या भरात ते एका विहिरीपर्यंत गेले, जीव द्यावा असेही मनात आले. अखेर बाबांच्या मुलाने रदबदली केली तेव्हा क्षमा मिळाली, वर बाबांनी स्वतःचा पेहरावही दिला. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा आज कठोर वाटेल. पण ज्याला आयुष्यभर लोकांचे गाऱ्हाणे ऐकायचे होते त्याची जीभ कानाच्या पुढे धावत होती, आणि बाबांनी नेमके तेच हेरले.

दिल्लीला परतल्यावर त्यांनी जुनी देणी फेडायला घेतली. एका कापडवाल्याचे वीस जीतल देणे होते. हाती दहाच आले, ते घेऊन गेले. त्याने उरलेले सोडून दिले. कुणाचे तरी उसने आणलेले पुस्तक हरवले होते, त्याच्याही दारी जाऊन उभे राहिले. ज्याचे आपण लागतो त्याच्यासमोर उभे राहून तो काय म्हणेल ते ऐकणे, ही त्यांची पहिली तालीम म्हणायला हवी.

पुढे दिल्लीजवळ यमुनेकाठी गियासपूरला त्यांची खानकाह उभी राहिली. सुलतानांच्या भेटीगाठी त्यांनी टाळल्या, दरबारापासून ते शक्यतो दूरच राहिले. तो इतिहास बराच सांगितला जातो. दार उघडे होते ते बाकी सर्वांसाठी : सैनिक, कारागीर, शेतकरी, गुलाम, विद्वान, अडाणी. एका दुपारी ते झोपले असताना एक फकीर आला आणि सेवकाने त्याला परत पाठवले. स्वप्नात बाबा फरीद आले आणि त्या माणसाबद्दल त्यांनी कानउघाडणी केली. तेव्हापासून दुपारी डोळा उघडला की ते दोनच गोष्टी विचारत : नमाजाची वेळ झाली का, आणि कुणी वाट पाहत बसले आहे का. इबादत आणि ताटकळलेला माणूस, दोघांची चौकशी एका दमात.

वर्षातले बहुतेक दिवस त्यांचा रोजा असे. इफ्तारला अर्धी किंवा एक रोटी आणि सोबत पालेभाजी, नाहीतर कारले. मगरिबनंतर ते माडीवर जात. शहरातून आलेली मंडळी तिथे जमत, त्यांच्यापुढे सुका-ओला मेवा ठेवला जाई, आणि ख्वाजा एकेकाची विचारपूस करत. इशानंतर अमीर खुसरो येत, दिवसभराच्या गोष्टी सांगत, आणि ख्वाजा ऐकत राहत. पहाटे सहरीचे ताट आले की घास घशाखाली उतरत नसे. मशिदींच्या पायऱ्यांवर आणि दुकानांच्या फळ्यांवर उपाशी झोपलेली माणसे त्यांना आठवत, आणि ताट बरेचदा तसेच परत जाई. इतक्या लोकांची दुःखे ऐकून आपल्याइतका दुःखी जगात कुणी नसेल, असे ते म्हणत. ऐकलेले ते रात्री विसरून झोपी जात नसत, एवढाच याचा अर्थ.

अमीर हसन सिज्जी हे कवी, नोकरी लष्करातली. एकदा पगार अडकला होता आणि ते काळजीत होते. ख्वाजांनी धीराचे शब्द सांगितले नाहीत की उपदेश केला नाही; एका ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. तो गडगंज श्रीमंत होता, पण हाकिमाने त्याचे सारे काही हिरावून घेतले. वाटेत भेटलेल्या मित्राने हालहवाल विचारली तेव्हा तो आनंदात आहे म्हणाला, कारण जानवे अजून अंगावर होते. हसन समजायचे ते समजले. मुसलमान सैनिकाला श्रद्धेचा आधार द्यायला एका सूफीने ब्राह्मणाचे जानवे पुढे करावे, हे वाचताना आजही क्षणभर थांबायला होते.

पण ऐकणाऱ्यालाही ऐकीव गोष्टी फसवतात. शेख बुरहानुद्दीन गरीब हे वृद्ध, जुने मुरीद. अशक्तपणामुळे ते कांबळ्याची घडी करून तीवर बसत. ते स्वतःच पीर बनून गादीवर बसू लागले आहेत, असे दोघांनी ख्वाजांच्या कानी घातले. ख्वाजांनी दुसरी बाजू ऐकली नाही. त्यांना जमातखान्यातून निघून जायला सांगितले. बुरहानुद्दीन शोकात बुडाले, जणू घरी मयत झाली होती. अखेर खुसरो गळ्यात पगडी घालून ख्वाजांपुढे उभे राहिले. तेव्हा मात्र ख्वाजांनी ऐकले, आणि जुन्या मुरीदाला पुन्हा जवळ केले. चरित्रकाराने हा प्रसंग झाकून ठेवला नाही, हे त्याचे उपकार.

हेच बुरहानुद्दीन पुढे दख्खनमध्ये आले. 1337 साली त्यांचे निधन झाले; दर्गा आपल्या खुलताबादला आहे.

3 एप्रिल 1325 रोजी ख्वाजा गेले. त्याआधी खानकाहच्या कोठारातले धान्य त्यांनी सगळे वाटून टाकायला लावले होते. खुसरो तेव्हा दिल्लीबाहेर होते आणि परतल्यावर काही महिन्यांतच तेही गेले. अमीर हसन मात्र मुहम्मद तुघलकाच्या काळात दौलताबादला आले. 1308 ते 1322 या काळात त्यांनी ख्वाजांच्या 188 मजलिसी टिपून ठेवल्या होत्या. ‘फवाइदुल फुआद’ तो हाच ग्रंथ. सुरुवातीला हे काम ते गुपचूप करत होते. एके दिवशी धीर करून त्यांनी कागद ख्वाजांपुढे ठेवले. काही ठिकाणी नीट ऐकू न आल्याने जागा कोऱ्या राहिल्या होत्या. ख्वाजांनी त्या स्वतःच्या हाताने भरून दिल्या. हसन यांची कबरही खुलताबादलाच आहे.