पोथीचा वसा : पंडिता रमाबाई

नाताळनिमित्त आम्ही ज्या विदुषीचे स्मरण करीत आहोत, तिचे नाव काढताच अनेक सश्रद्ध घरांतून आजही कपाळाला आठ्या पडतात. शास्त्र्याची कन्या ख्रिस्ती झाली, हे शल्य लहान नव्हे. परंतु पोथीवाचकाच्या दृष्टीने पाहता या चरित्रात आम्हांस एक अखंड सूत्र दिसते.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात रमाबाई जन्मल्या. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. पहाटे, घरकामास हात लागण्यापूर्वी, माता मुलीस जवळ घेऊन श्लोक सांगे आणि मुलगी तो घोकी. अठरा सहस्र श्लोकांचे भागवत असे तिच्या मुखी वसले. पहाटेचे पाठांतर हाडीमाशी भिनते, हे आम्हां कीर्तनकारांना कोणी सांगावयास नको.

दुष्काळात माता, पिता आणि थोरली बहीण अन्नान्न करीत गेली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वत्सभेने पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या; पण १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी निवर्तले. कडेवर मनोरमा. इंग्लंडात फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी पतित स्त्रियांना मायेने उभ्या करताना रमाबाईंनी पाहिल्या; ख्रिस्ताने शोमरोनी स्त्रीशी केलेला संवाद वाचला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्या शास्त्रांवर त्यांनी ठेवलेला ठपका आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. मात्र नव्या धर्मातही त्यांनी कोणाच्या शब्दावर मान तुकविली नाही. शास्त्र स्वतः वाचावे, मग स्वीकारावे, हा पित्याच्या घरचा बाणा त्यांनी सोडला नाही. गुरुस्थानी असलेल्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्या त्रैक्याच्या सिद्धांतावरून वाद घालीत. आहार शाकाहारीच राहिला.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास आले. सकाळी त्या दार उघडे ठेवून बायबल वाचीत, प्रार्थना करीत. आश्रमातील मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले. पालकांचा संताप आम्ही समजू शकतो. परंतु ज्या बाईचे नित्यकर्मच ते वाचन, तिने ते चोरून करावे काय?

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली केडगावला आणल्या. स्वतः उपासमार भोगलेल्या बाईला ते चेहरे ओळखीचे वाटले असणार. तेथील मुक्ती सदनात शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला. आणि तेथेच, उतारवयात, हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी समग्र बायबल मराठीत उतरविण्यास घेतले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर; ते खेड्यातल्या बाईला उमगावे कसे? भागवत मुखोद्गत असलेल्या या पंडितेने आपली सारी संस्कृत शब्दसंपत्ती बाजूस ठेवली आणि जात्यावरची मराठी जवळ केली. शब्दांच्या वैभवावर पोट भरणाऱ्या आम्हांस या त्यागाचे मोल विशेष जाणवते.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. १९२४ साली समग्र ग्रंथ केडगावी छापून निघाला. त्या छापखान्यात खिळे जुळविणारे हात आश्रमातल्याच स्त्रियांचे होते.