कवट्या मोजणाऱ्या इरावती कर्वे



आपल्या कुरखेडा भागात एक बोलणं कधी ना कधी कानावर पडतंच. जंगलातल्या गावच्या पोरांना गणित जमत नाही म्हणे, त्यांचं डोकंच वेगळं असतं. बोलणारा सहज बोलून जातो, पण ऐकणारं पोर ते मनात धरून बसतं.

साधारण शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतले नावाजलेले प्राध्यापकही असंच काहीतरी सांगत होते, आणि तेही विज्ञान म्हणून. ते खरं आहे का, हे तपासायचं काम एका मराठी तरुणीकडे आलं. तिचं नाव इरावती कर्वे. आज त्यांच्याविषयी वाचू या.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या मिंग्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याच्या हुजूरपागा शाळेत पाठवलं. पुढे ती रँग्लर परांजपे यांच्या घरी राहिली. त्या घरात पुस्तकं भरपूर होती आणि वाद घालायला मोकळीक होती. १९२६ साली फर्ग्युसन कॉलेजातून त्या तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. नंतर मुंबईला प्रसिद्ध समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली शिकून १९२८ मध्ये एम. ए. झाल्या. याच काळात महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते.

आता गंमत बघा. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षी कर्व्यांना सुनेने एवढ्या लांब शिकायला जाणं काही पटलं नव्हतं. पण दिनकररावांचा पाठिंबा होता. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला निघाल्या.

तिथे एक मोठी संशोधन संस्था होती. मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन हे तिचे विषय. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. फिशर यांचं मत असं होतं की गोरे युरोपीय लोक जास्त तर्कशुद्ध विचार करतात, कारण त्यांच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो. त्या भागाला जागा लागते, म्हणून त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. इतर लोकांत असं नसतं. म्हणजे कवटीचा आकार बघायचा आणि बुद्धी कोणाला जास्त ते ठरवायचं. इरावतीबाईंना हाच विषय मिळाला.

त्यांनी १४९ कवट्या अभ्यासल्या. काही युरोपीय माणसांच्या, काही युरोपाबाहेरच्या. प्रत्येक कवटीची उजवी आणि डावी बाजू मोजायची, फरक लिहून ठेवायचा, मग दोन्ही गटांची तुलना करायची. काम चिकाटीचं होतं. त्यातून निघालं काय? कवटीचा असमानपणा आणि वंश यांचा काही संबंधच सापडला नाही. दोन बाजूंत थोडा फरक असणं ही माणसाच्या कवटीची नेहमीची गोष्ट आहे. त्यावरून कोणी हुशार आणि कोणी मंद ठरत नाही.

आता त्यांची अडचण लक्षात घ्या. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज. पदवी देणं गुरूंच्या हातात, आणि निष्कर्ष त्याच गुरूंच्या विरुद्ध. आकडे थोडे इकडेतिकडे केले असते तर कोणाला कळलं असतं? पण इरावतीबाईंनी जे मोजलं तेच लिहिलं. फिशर यांनी त्यांना सगळ्यात खालची श्रेणी दिली. तरी १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. वंशश्रेष्ठत्वाच्या अशाच कल्पनांचा आधार घेऊन नाझींनी लाखो माणसं मारली. फिशरही नंतर नाझी पक्षात गेले. न तपासलेला निष्कर्ष किती महागात पडतो, हे यावरून समजतं.

फिशर यांचं चुकलं कुठे? त्यांनी उत्तर आधी ठरवलं आणि पुरावा मागाहून शोधायला लावला. माणसाच्या मनाविषयीच्या अभ्यासात ही चूक आजही होते. २०१५ साली बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले छापून आलेले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. पहिल्यासारखा ठोस निकाल जेमतेम ३६ टक्के प्रयोगांत मिळाला. याचा अर्थ मानसशास्त्र खोटं आहे असा नाही. पण एकदा छापून आलं म्हणजे ते सिद्ध झालं, असं मानायचं नाही. दुसऱ्याने, तिसऱ्याने करून पाहिलं पाहिजे. इरावतीबाईंनी नेमकं तेच केलं होतं.

परत आल्यावर त्या १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. महाराष्ट्रात हिंडून त्यांनी लोकांची शरीरमापं घेतली. एकाच जातीच्या नावाखाली वेगवेगळ्या मुळांचे गट आहेत, असं त्यांना दिसलं. एक जात फुटून पोटजाती झाल्या, हे घुर्ये सरांचं मत होतं. इरावतीबाईंनी तिथेही आपला वेगळा निष्कर्ष मांडला. गुरूंचा मान आणि गुरूंचं मत या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. त्यांच्या युगान्त या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या.

आता परत आपल्या कुरखेड्याकडे या. घरी गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला मराठीत छापलेली गणिताची पत्रिका दिली आणि गुण कमी पडले. त्या पत्रिकेने गणित मोजलं की मराठी? हे तपासल्याशिवाय पोराच्या डोक्याविषयी बोलायचा अधिकार कोणाला नाही.

करून पाहा : मोहफुलं वेचण्यावर आणि विकण्यावर सारख्याच अवघडपणाची दोन शाब्दिक उदाहरणं तयार करा. अर्ध्या मुलांना पहिलं उदाहरण मराठीत आणि दुसरं घरच्या बोलीत द्या. बाकीच्यांना उलट द्या. किती जणांना कोणतं सुटलं ते वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात नवीन उदाहरणं घेऊन पुन्हा करा. दोन्ही वेळचे आकडे जुळतात का बघा. नाही जुळले तरी खोडू नका, जसे आले तसेच लिहा.