लाल पाखराच्या वेण्या

आमचं महिला मंडळ एका वसतिगृहात आदिवासी मुलींना वह्या-कपडे द्यायला जातं. एकदा उवा बघून मीच म्हटलं, सगळ्यांचे केस कापून टाका. एक पोर कोपऱ्यात बसून रडत राहिली. का, ते मला झिटकाला-शाचं चरित्र वाचल्यावर कळलं.

ही अमेरिकेतल्या यांक्टन डकोटा आदिवासींची लेक. जन्म १८७६ चा. गोरे वडील सोडून गेलेले, आईनेच वाढवलं. ती आठ वर्षांची असताना मिशनरी आले. लाल सफरचंदं, आगगाडीची सफर असं काय काय सांगून मुलांना भुलवलं. आईचं मन होत नव्हतं, पण शिकली तर पुढे निभाव लागेल म्हणून तिने पाठवलं.

इंडियानातली ती शाळा क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती मंडळींची. केस कापणार हे कळताच ती पलंगाखाली लपली. तिच्या लोकांत केस आखूड करायचे ते दुखवट्यात, नाहीतर भेकडाचे. तिला ओढून काढलं, खुर्चीला बांधलं आणि वेण्या कापल्या. केशवपन सोसलेल्या आपल्या पणज्यांना हे दुःख वेगळं सांगावं लागलं नसतं.

तरी ती शिकली, कार्लाइलच्या सरकारी आदिवासी शाळेत शिक्षिका झाली. तिथेही मुलांचं आदिवासीपण पुसणंच चालू होतं. १९०० साली ‘अटलांटिक मंथली’ मासिकात तिने सगळं लिहून टाकलं. शाळेतलं नाव गर्ट्रूड. झिटकाला-शा, म्हणजे लाल पाखरू, हे नाव तिने स्वतः घेतलं. पुढे आदिवासींच्या नागरिकत्वासाठी झटली, १९२६ मध्ये नवऱ्यासोबत राष्ट्रीय संघटना उभारली. १९३८ मध्ये ती गेली.

माफी आली फार उशिरा. २०२२ मध्ये न्यू इंग्लंडच्या क्वेकरांनी मागितली. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन तिथल्या आदिवासींची मागितली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी आणि अध्यक्ष बायडेन यांनीही. त्याच साली अमेरिकेच्या नाण्यावर तिचं चित्र आलं.

वेण्या कापणाऱ्या त्या बाईंनाही वाटलं असेल, आपण पोरीचं भलंच करतोय. मलाही तसंच वाटलं होतं.

परवा वसतिगृहात गेले, तर ती पोर आता दहावीत आहे. तिची माफी मागितली. ती खाली बघून हसली, पण माफ केलं असं काही म्हणाली नाही. तो तिचा हक्क. या वेळी मी फण्या आणि उवांचं औषध घेऊन गेले होते.