पॅट्रिक गेडिस आणि आमची अरुंद गल्ली

शहरातला आवाज कमी करायचा म्हटलं की आपल्याला जाड काचा नाहीतर हॉर्नबंदी आठवते. पण आमच्या सोयगावात मी रोज एक साधी गोष्ट अनुभवतो. मुख्य रस्त्यावर मोठ्यानं बोलावं लागतं. दोन वळणं घेऊन गल्लीत शिरलं की चिमण्या ऐकू येतात. असं का, हे शोधताना मी पॅट्रिक गेडिस यांच्यापर्यंत पोहोचलो.

कोण होते गेडिस?

जन्म १८५४, स्कॉटलंड. मूळचे जीवशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे सूक्ष्मदर्शकावरचं काम कमी झालं आणि ते शहराकडेच सजीव म्हणून बघू लागले. एडिनबरोच्या दाटीवाटीच्या जुन्या वस्तीत ते बायकोसह राहायला गेले आणि तिथली घरं दुरुस्त करू लागले.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचं नगररचनेचं प्रदर्शन आणणारं जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेनं बुडवलं. त्यांनी पुन्हा नकाशे, चित्रं जमवली आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलंच! १९१८ मध्ये होळकरांच्या इंदूरचा अहवाल लिहिला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्रमुख झाले, गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची पद्धत काय होती?

त्या काळी दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढायची पद्धत होती. गेडिस आधी गल्लोगल्ली पायी फिरायचे. मोडकळीला आलेली मोजकी घरं काढायची, तिथे छोटा चौक करायचा, झाडं लावायची. बाकी वस्ती तशीच ठेवायची. मोठी वाहतूक मुख्य रस्त्यांवर.

त्यांचा उद्देश आरोग्याचा होता, खर्च वाचवण्याचा होता आणि लोक बेघर होऊ नयेत हाही होता. पण शांतता त्यात आपोआप येते. सरळ रस्ता आवाजाला थेट वाट देतो. वळणं आणि घरांची रांग ती वाट अडवतात. आवाज १० डेसिबलनं घटला, तर कानाला साधारण निम्मा वाटतो. आपल्याकडे २००० च्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण रस्ता एकदा चुकीचा आखला, की ती पाळणं अवघड होऊन बसतं.

गाडी दारापर्यंत येत नाही, म्हणून गल्ली रुंद करा असं मीही म्हणायचो. आता थांबतो. कारण माझी गाडी आली, की सगळ्यांचीच येणार. आणि चिमण्या?