सुभेदार रामजींनी निवडलेली शाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्या-वस्त्यांतून एकच प्रश्न फिरू लागतो. पोराला कुठे टाकायचे? टाकायचे, हाच शब्द आपण वापरतो. कोणी म्हणतो, जवळचे कॉलेज बरे, गाडीभाडे वाचते. कोणी एजंटाने दिलेले रंगीत माहितीपत्रक घेऊन येतो. शेजारच्याचा मुलगा जिथे गेला तिथेच आपलाही जाईल, असे ठरते आणि विषय संपतो. ज्या समाजाच्या घराघरात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्या समाजाने या दिवसांत बाबासाहेबांच्या वडिलांचे चरित्र एकदा तरी वाचले पाहिजे. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे नाव आपण भाषणाच्या सुरुवातीला घेतो आणि पुढे जातो. पण या माणसाने आपल्या मुलाची शाळा आणि कॉलेज कसे ठरवले, त्याची किंमत किती आणि ती कोणी मोजली, हे आपण कधी तपशिलाने बोलतो काय?

रामजीबाबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते, रामजीही लष्करात गेले. त्यांचे लग्न झाले ते मुरबाडकर सुभेदारांच्या भीमाबाईंशी. तेही लष्करी घराणे. त्या काळी पलटणीतल्या शिपायांच्या मुलामुलींना शिकणे सक्तीचे होते, त्यामुळे या घरातल्या स्त्रियांनाही अक्षरओळख होती. गावकुसाबाहेर ज्यांना पाटीला हात लावू देत नव्हते, त्यांच्या मुली छावणीत वाचायला शिकत होत्या! रामजीबाबा पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले, शिक्षक झाले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांचे चौदावे अपत्य जन्मले, तेव्हा ते सुभेदार होते.

त्यांना सुभेदार म्हणून आपण ओळखतो, पण ते मुळात मास्तर होते. शाळा आणि शाळा यात फरक असतो, एक शाळा मुलाला अक्षर देते आणि दुसरी त्याला उभे करते, हे त्यांनी आतून पाहिलेले होते.

१८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. या निर्णयाने आपल्या समाजाचे किती नुकसान झाले हे सांगायला नको. नोकरी गेली, तिच्यासोबत शाळाही गेली. ज्या दाराने मालोजी आणि रामजी आत शिरले, ते दार त्यांच्या मुलांना बंद झाले. आता उरली ती बाहेरची, सवर्ण मास्तरांची शाळा. रामजीबाबांच्या पुढच्या सगळ्या धडपडीचे मूळ मला इथे दिसते.

निवृत्तीनंतर त्यांना महिना ५० रुपये पेन्शन होती. काही काळ दापोलीला काढून ते साताऱ्याला आले. साताऱ्यातच भीमाबाई गेल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. घर सांभाळायला रामजीबाबांची बहीण मीराबाई होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव इंग्रजी पहिलीत लागले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत बसायला घरून नेलेले गोणपाट होते आणि शिपाई नसला तर पाणी नव्हते.

पुढे रामजीबाबांना खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदाराची नोकरी लागली. मुलांना सोबत नेणे त्यांना सोपे होते. एक चूल, एक खर्च. पण त्यांनी मुलांना साताऱ्यात आत्याजवळ ठेवले. शाळा साताऱ्यात होती. सुटीत वडिलांना भेटायला निघालेल्या मुलांचा मसूर स्टेशनपासूनचा बैलगाडीचा आणि पाण्याचा प्रसंग आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. तो प्रसंग सांगताना हेही सांगावे, की नोकरीमागे बाप हिंडला, शाळा मात्र जागची हलली नाही.

रामजीबाबांनी दुसरे लग्न केले. भीमरावांना ते मुळीच रुचले नाही. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करावे, म्हणून आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी चोरण्याचाही बेत त्यांनी केला होता. बाप-मुलात सगळे गोड होते असे कोणी समजू नये.

१९०४ मध्ये हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. भीमराव आधी मराठा हायस्कूलमध्ये गेले. ते घराच्या जवळचे होते. आजचा आपला बाप इथेच थांबला असता. रामजीबाबांनी काही दिवसांतच मुलाला तिथून काढून एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. परळपासून दूर, कोटाच्या बाजूला, सरकारी आणि त्या काळच्या मुंबईतल्या नावाजलेल्या शाळांपैकी एक. पेन्शनीवर जगणाऱ्या, चाळीत राहणाऱ्या माणसाने शहरातली चांगली शाळा कोणती ते आधी पाहिले आणि परवडेल कसे ते मागून पाहिले. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो.

इथे वकील म्हणून एक गोष्ट सांगतो. ही शाळा सरकारी होती, याला मोठा अर्थ आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारनेही त्याला दाद दिली नाही. प्रकरण वरपर्यंत गेले आणि १८५८ मध्ये धोरण ठरले, की सरकारी पैशावर चालणारी शाळा सर्व वर्गांना खुली असेल. कागदावर हक्क तेव्हाच आला होता. पण कागदावरचा हक्क आपल्या पायांनी चालत घरी येत नाही. तो हाताला धरून शाळेच्या दारात नेणारा कोणीतरी लागतो. तो जन्मदाता बाप असेल तर उत्तमच! आजही आरक्षण आहे, शिष्यवृत्ती आहे, फ्रीशिप आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलतीही मिळाल्या. तरीही जात पडताळणीचा अर्ज वेळेत केला नाही म्हणून हातातला प्रवेश गमावलेली मुले माझ्यासारख्या वकिलांकडे दर वर्षी येतात. वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला शोधायला सुरुवात होते ती प्रवेशाची यादी लागल्यावर! बारावीच्या वर्षातच हे काम उरकून ठेवायचे असते.

चांगल्या शाळेत घातले म्हणजे जात संपली, असे घडले नाही. एल्फिन्स्टनमध्ये मास्तरांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गातल्या मुलांनी फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळाच्या भीतीने धावत जाऊन उचलले. संस्कृतचे दार बंदच होते. मुलांनी संस्कृत शिकावे ही रामजीबाबांची मोठी इच्छा. ती मास्तरांनी हाणून पाडली आणि भीमरावांना फारसी घ्यावी लागली. मुलगा अपमान सोसून घरी येई. रामजीबाबांनी शाळा बदलली नाही. हे बरोबर होते काय? आज रोहित वेमुला, पायल तडवी ही नावे आपल्यासमोर असताना हा प्रश्न कोणत्याही आईबापाला विचारावाच लागेल. माझे मत असे, की मुलाला मोठ्या संस्थेत पाठवावे, पण पाठवून मोकळे होऊ नये. रामजीबाबा मोकळे झाले नव्हते.

डबक चाळीतल्या त्या खोलीत सगळा संसार. उशाशी जाते, पायाशी शेळी. दोघांना एकदम झोपायला जागा नाही. मुलगा संध्याकाळी लवकर झोपे, बाप रात्री दोनपर्यंत जागा राही. दोन वाजता मुलाला उठवून अभ्यासाला बसवी आणि त्याच्या जागेवर आपण आडवा होई. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही पुस्तके त्यांनी मुलाकडून घरी करवून घेतली. कबीरपंथी माणूस, सकाळ-संध्याकाळ घरात भजन-पठण चाले. पोथ्यांवर बापलेकांचे वादही होत. क्लासची फी भरली की आपले काम झाले, असे मानणाऱ्यांनी त्या खोलीची कल्पना करून पाहावी.

भीमरावांना पुस्तकांचा नाद होता आणि पुस्तकाला पैसे लागत. रामजीबाबा धाकट्या मुलीकडे जात. तिच्याकडे रोख नसली तर थोरलीकडे जाऊन एखादा दागिना मागून आणत, मारवाड्याकडे गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत. पुढच्या पुस्तकाला पुन्हा तेच. बाबासाहेबांच्या विद्वत्तेच्या मुळाशी तुळसा आणि मंजुळा या दोन बहिणींच्या अंगावरचे डाग आहेत, हे आपल्या व्यासपीठांवरून किती वेळा सांगितले जाते?

आणि आनंदराव? दोन मुलांना हायस्कुलात ठेवण्याची ऐपत नव्हती. थोरल्या भावाची शाळा थांबवून त्याला कामाला लावले गेले. एकाला शिकवायचे आणि एकाला थांबवायचे, हा निर्णय रामजीबाबांनी घेतला. त्यावर टाळ्या वाजवाव्यात असे मला वाटत नाही. तो गरिबीने करायला लावलेला निर्णय होता. पण आज, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे असताना, मुलासाठी कर्ज काढायचे आणि मुलीला जवळच्या कॉलेजात बी.ए.ला टाकायचे असे आपल्याच घरांत घडते. त्याला रामजीबाबांचा दाखला देता येणार नाही.

१९०७ च्या मॅट्रिक परीक्षेत भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. हिशेब करा, ३८ टक्केसुद्धा होत नाहीत. ज्याला आपण पुढे ज्ञानाचे प्रतीक म्हटले, त्या विद्यार्थ्याची ही गुणपत्रिका आहे. साठ टक्के पडले म्हणून पोराला शिव्या देणाऱ्या आणि आता याचे काही होणार नाही असे चारचौघांत सांगणाऱ्या पालकांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. रामजीबाबांनी गुण पाहून मुलाची उंची ठरवली नाही. त्यांनी मुलाला एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. ३ जानेवारी १९०८ पासून भीमराव तिथे जाऊ लागले.

पण कौतुकाच्या बाबतीत ते कडक होते. परीक्षा पास झाल्याबद्दल सभा घेण्याची परवानगी समाजातली मंडळी मागायला आली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, ही त्यांची भीती. शेवटी कृष्णाजी अर्जुन केळुसकर मध्ये पडले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. त्या भेटीतून पुढे काय घडले ते १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरने पाहिले.

इंटरनंतर रामजीबाबांचे हात टेकले. घरात विकण्यासारखे, गहाण ठेवण्यासारखे काही उरले नव्हते. इथे त्यांच्या स्वभावातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या ऐपतीची हद्द म्हणजे मुलाची हद्द, असे त्यांनी मानले नाही. ज्याला मार्ग माहीत आहे अशा माणसाची, केळुसकर गुरुजींची मदत त्यांनी घेतली. केळुसकर भीमरावांना घेऊन महाराजा सयाजीराव गायकवाडांकडे गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. कॉलेजच्या हॉटेलवाल्याने मात्र चहा-पाणी दिले नाही.

आज आपल्या पालकांना कोणता केळुसकर भेटतो? बहुतेक वेळा खाजगी कॉलेजचा एजंट! प्रत्येक मोठ्या वस्तीत आज आपला एखादा प्राध्यापक, इंजिनिअर, अधिकारी, वकील आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट असते, ती विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आपल्या राज्यातच आहेत. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी असते. परदेशी शिकायला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शिष्यवृत्ती आहे. हे बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास बसून सांगायला काय हरकत आहे? जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, मग चार मुलांच्या प्रवेशअर्जांची फी निघायला हरकत नसावी.

१९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर निघाले. रामजीबाबांना हे पसंत नव्हते. त्यांनी तसे सांगितलेही. पण मुलगा सयाजीरावांना बांधलेला होता आणि आता मोठा झाला होता. बापाने मत दिले, मुलाने निर्णय घेतला. ज्याला स्वतः घडवले त्याचे न पटणारे म्हणणे ऐकून घेणे सोपे नसते.

काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार बडोद्याला पोहोचली. भीमराव लगेच निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजीबाबांची अखेरची घटका आली होती. मुलाला पाहिले आणि त्यांनी प्राण सोडला. तारीख २ फेब्रुवारी १९१३. अमेरिका, कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी यांतले काहीही त्यांनी पाहिले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ला निघाली आणि १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी तिथे सकाळी वर्ग भरू लागले. शाळा थांबवून कामाला लागलेल्या आनंदरावांसारख्यांची ती सोय होती.

वडील जाऊन सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. तिथून थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. आईबाप मुलाला जन्म देतात पण त्याचे कर्म घडवू शकत नाहीत, ही समजूत आपण सोडून द्यावी, असे त्यांनी त्यात मांडले होते. मुलांबरोबर मुलींनाही शिकवावे, असा आग्रह धरला होता. त्या स्नेह्याची मुलगी शिकत होती. दाखला म्हणून त्यांनी तिचाच उल्लेख केला.