कृष्णाजी बल्लाळ देवल

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे संगीतशास्त्रज्ञ व श्रुति-हार्मोनियमचे एक प्रवर्तक होते. पेशाने ते डेप्युटी कलेक्टर होते.

त्या काळी बैठकीत व रंगभूमीवर रुळलेली हार्मोनियम पाश्चात्त्य समविभाजित सप्तकात जुळवलेली असे. तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यात उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. फरक लहान, पण तयार कानाला खुपणारा. देवलांनी तारेच्या लांबीवरून गवयांचे स्वर मोजले. या कामी किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे गायन त्यांना लाभले. १९१० मध्ये त्यांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुतींनुसार जुळवलेली हार्मोनियम लंडनमध्ये तयार करवून घेण्यात आली.

हार्मोनियमच्या पितळी रीडचे टोक घासल्यास स्वर चढतो, बुडाशी घासल्यास उतरतो. रीड तंबोऱ्याशी नेमकी मिळाली की नादातील थरथर थांबते आणि पेटी निराळीच बोलू लागते.

१९१६ च्या बडोदा येथील संगीत परिषदेत या पेटीच्या स्वरांवर आक्षेप घेतले गेले. पुढेही ती प्रचारात रुजली नाही. बैठकीत बारा स्वरांचीच पेटी राहिली.